‘थांब, भाव उतरेल’ हा हिशेब कुठून आला आणि कुठे मोडला

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, चतुर्थी आठवड्यावर आली असताना, गोव्यातल्या डिचोलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, प्लेस्टेशन आता घेऊ की दिवाळीपर्यंत थांबू?" त्याच्या वयाचा असताना मीही हाच प्रश्न बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मामाला विचारायचो. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं : थांब, भाव उतरेल. आणि भाव उतरायचा. व्हिडिओ गेमचं यंत्र जुनं होत जाईल तसं स्वस्त होत जातं, हा नियम ३५ वर्षं टिकला. म्हणून भाच्याला ‘थांब’ म्हणणं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याच आठवड्यात, २१ ऑगस्टला, सोनीने अमेरिकेत पाच वर्षं जुन्या पीएस फाइव्हची, म्हणजे पाचव्या प्लेस्टेशनची, किंमत ५० डॉलरनी वाढवली होती.

हा नियम तयार कसा झाला ते समजायचं तर अटारी या अमेरिकी कंपनीपासून सुरुवात करावी लागते. १९७७ साली अटारीचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, अमेरिकेत २०० डॉलरच्या आसपास विकायला आला. यंत्रावर थोडं कमवायचं आणि कॅसेटवर भरपूर, असा तो धंदा. पण कॅसेट कोणी बनवायची यावर अटारीचा ताबा नव्हता. १९७९ मध्ये अटारी सोडलेल्या प्रोग्रामरनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली, आणि त्यांचं बघून जो तो गेम बनवू लागला. भिकार कॅसेटींचे ढीग दुकानांत पडले, त्या मातीमोल भावाने फुंकल्या जाऊ लागल्या आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरला. २०१४ मध्ये लोकांनी तो उकरून काढला, तेव्हा कॅसेटी खोक्यांसकट सापडल्या.

त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ ला, जपानमध्ये दोन कंपन्यांनी एकाच दिवशी कन्सोल आणले. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १४,८०० येनला, सेगाचा एसजी-१००० १५,००० येनला. अटारीचं काय झालं ते निन्टेन्डोने नीट पाहिलं होतं. १९८५ मध्ये अमेरिकेत जाताना त्यांनी यंत्रात एक कुलूप-चिप घातली. निन्टेन्डोचा परवाना नसलेली कॅसेट यंत्र चालवायचंच नाही. गेम बनवणाऱ्याने परवाना घ्यायचा, कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची, वर्षाला ठरावीक संख्येहून जास्त गेम काढायचे नाहीत. तिथपासून पुढची सगळी भांडणं समजायची तर टोलनाका डोळ्यासमोर ठेवावा. रस्ता पदरमोड करून बांधायचा, आणि पैसे वसूल करायचे ते जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडून. यंत्र हा रस्ता, गेम ही गाडी. रस्त्यावर जास्त गाड्या याव्यात म्हणून यंत्राची किंमत पाडायची.

आपल्याकडे मात्र उलटं घडलं. जपानी फॅमिकॉममध्ये ती कुलूप-चिप नव्हतीच. त्यामुळे त्याच्या नकला करणं सोपं गेलं, आणि तैवान-चीनमधून निघालेल्या त्या नकला भारतभर पोचल्या. आम्ही ज्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो तो हाच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या पिवळ्या कॅसेटी मिळायच्या. वर ‘९९९ इन १’ असा आकडा आणि आत तेच दहा-बारा गेम पुन्हा पुन्हा. कॅसेट लागली नाही की काढायची, खालच्या पट्टीवर फुंकर मारायची, परत बसवायची. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर घालून चॅनल जुळवताना मुंग्यांमधून मारिओ हळूहळू वर यायचा. ती नक्कल बनवणाऱ्याला टोल मिळत नव्हता. निन्टेन्डोलाही नाही. यंत्राची किंमत तीच सगळी किंमत, हा आमच्या पिढीचा पहिला धडा होता, आणि तो जगाच्या उलट होता.

खऱ्या अर्थाने किमतीचं युद्ध सुरू केलं सेगाने. १९८९ मध्ये त्यांचं सोळा बिटचं यंत्र अमेरिकेत १८९ डॉलरला आलं. १९९१ मध्ये निन्टेन्डोचं नवं यंत्र १९९ डॉलरला येणार म्हटल्यावर सेगाने आपलं १४९ वर आणलं आणि त्यात सॉनिक हा आपला सगळ्यात चांगला गेम फुकट घातला. अमेरिकेतले प्रमुख टॉम कालिन्स्की यांचा हा डाव होता. हातातला हुकमी गेम फुकट वाटायचा म्हणजे आजच्या कमाईवर पाणी सोडायचं, पण त्यातून पुढची चार वर्षं टोल येत राहतो.

ते यंत्र माझ्या मामाने जपानच्या बंदरातून आणलं होतं. तिथला अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा. बाबांनी तो सरळ आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातला आणि दोन मिनिटांत खोलीभर जळका वास सुटला. यंत्र वाचलं. बाजारपेठेतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने दुसरा अ‍ॅडॅप्टर जोडून दिला. पण जपानची टीव्ही पद्धत वेगळी आणि आपली वेगळी, त्यामुळे चित्र आलं ते काळं-पांढरं. सॉनिक निळा आहे हे मला कितीतरी दिवसांनी एका मासिकातल्या चित्रावरून कळलं. तेव्हा गोव्यात असा माल यायचा तो तारवटींच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या, आणि आखातातून येणाऱ्यांच्या बॅगांतून. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे निर्बंध पूर्णपणे उठले ते थेट १ एप्रिल २००१ ला.

या सगळ्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत मोठा दिवस ११ मे १९९५ चा. लॉस एंजेलिसमध्ये व्हिडिओ गेमचं पहिलं ई-थ्री प्रदर्शन भरलं होतं. सेगाने जाहीर केलं की आपलं नवं यंत्र सॅटर्न आजपासूनच दुकानांत, किंमत ३९९ डॉलर. नंतर सोनीच्या सभेत, प्लेस्टेशनची किंमत सांगायला, तिचे स्टीव्ह रेस बोलायला उठले, व्यासपीठावर गेले, "२९९" एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. शंभर डॉलरचा फरक सोनीला परवडला याचं एक कारण सीडीत आहे. कॅसेट म्हणजे चिपांचा खर्च, सीडी छापणं त्या मानाने कवडीमोल. १९९६ मध्ये निन्टेन्डो पुन्हा कॅसेटच घेऊन आला, आणि ज्यांचे गेम मोठे होते ते स्टुडिओ सोनीकडे गेले. पहिलं प्लेस्टेशन १० कोटींहून जास्त विकलं गेलं, सॅटर्न एक कोटीसुद्धा नाही. सेगाने शेवटचा प्रयत्न ड्रीमकास्टचा केला, १९९९ मध्ये १९९ डॉलरला, आणि २००१ मध्ये कन्सोल बनवणं कायमचं सोडलं.

सीडीची कॉपी मात्र कोणालाही करता येत होती. म्हापशात एक जण प्लेस्टेशन उघडून आत चिप मारून द्यायचा. बारीक टोकाचा सोल्डर, भिंग, आणि टेबलावर उघडं पडलेलं यंत्र. चिप मारली की कॉपी केलेली सीडी चालायची. पुढे पीएस टूचंही तेच झालं. डीव्हीडी प्लेयरसकट आलेलं हे यंत्र फोंडा-मडगावच्या गेम पार्लरांत तासाच्या हिशेबाने चालायचं, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक डिस्क कॉपी असायची. आम्ही जे गेम शेकडो तास खेळलो ते बनवणाऱ्यांना आमच्याकडून एक पैसा गेला नाही, याचं मला आज वाईट वाटतं. शिवाय त्याची किंमत पुढे आपणच मोजली असं मला वाटतं. जिथे टोल मिळत नाही तिथे कोणी रस्ता स्वस्तात बांधत नाही.

अमेरिकेत तेव्हा युद्ध अगदी हातघाईवर आलं होतं. मे २००२ मध्ये सोनीने पीएस टू २९९ वरून १९९ वर आणला, दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स तेवढाच उतरवला. पीएस टू शेवटी ९९ डॉलरपर्यंत आला. भारतातही तो दहा हजारांच्या आत मिळू लागला आणि २०१३ पर्यंत टिकला.

मग कंपन्या अधिकृतपणे भारतात नवी यंत्रं आणू लागल्या. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला, अक्षय कुमार आणि युवराज सिंगच्या जाहिराती घेऊन, १९,९९० आणि २३,९९० रुपयांना. एप्रिल २००७ मध्ये पीएस थ्री आला ३९,९९० ला. अमेरिकेत तो ५९९ डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या दराने २५ हजारांच्या आसपास. तिथे सोनी प्रत्येक यंत्रामागे तोटा खात होती, आणि २००६-०७ या एका आर्थिक वर्षात तिच्या गेम विभागाने २३२ अब्ज येन घालवले. जानेवारी २०१४ मध्ये पीएस फोर आला, पुन्हा ३९,९९० ला. अमेरिकेत ३९९ डॉलर, म्हणजे पुन्हा साधारण २५ हजारच. तिकडे त्या शंभर डॉलरच्या फरकावर सोनीने ४९९ च्या एक्सबॉक्स वनला मागे टाकलं. इकडे तो फरक पोचलाच नाही. काही महिन्यांनी एक्सबॉक्स वन आला तोही ३९,९९० लाच.

मधल्या १५ हजारांनी गोव्यात बॅगेचा जुना रस्ता चालू ठेवला. २०१३ च्या ऑगस्टपासून फ्लॅट टीव्ही विमानतळावरच्या करमुक्त मर्यादेतून वगळला गेला, कन्सोल मात्र राहिला. २०१८ च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरचं सीमाशुल्क १० वरून २० टक्के झालं, १ जानेवारी २०१९ पासून जीएसटी २८ वरून १८ वर आला. एका हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने दिलं. बॅगेतून आणलेल्या यंत्राला इथली वॉरंटी नसते, हे मात्र ध्यानात ठेवावं. माझ्या मावसभावाने दुबईहून आणलेल्या यंत्राचा पॉवर सप्लाय पहिल्याच जूनमध्ये विजांच्या गडगडाटात गेला. सेवाकेंद्राने सिरियल नंबर पाहिला आणि यंत्र परत त्याच्या हातात दिलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस फाइव्ह भारतात आला ४९,९९० ला, डिस्कविना ३९,९९० ला. त्याच वर्षी सोनीने सांगितलं की ४९९ डॉलरच्या मॉडेलवर आता तोटा होत नाही. जुन्या नियमाने इथून भाव उतरायला हवा होता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भारतातली किंमत ५४,९९० आणि ४४,९९० झाली. पूर्वी दोन-तीन वर्षांत तीच चिप आणखी लहान आणि स्वस्त बनायची. पीएस टूच्या तर दोन मुख्य चिपा पुढे एकात बसवल्या गेल्या. आता लहान चिप बनवायचा खर्चच वाढत चालला आहे. आणि समोर लढायला कोणी नाही. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले चार गेम प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर द्यायचं ठरवलं, आणि २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या किमतीही वाढवल्या. दुसऱ्याच्या रस्त्यावरून आपल्या गाड्या पाठवायच्या ठरल्या, तर आपला रस्ता स्वस्त ठेवायचं कारण उरत नाही.

सणाच्या सवलती येतात आणि जातात, छापील किंमत उतरण्याची वाट बघू नको, असं मी भाच्याला सांगितलं. आणि दहा हजार वाचतात म्हणून डिस्कविनाचा घेऊ नको. त्यात प्रत्येक गेम सोनीच्या एकाच ऑनलाइन दुकानातून, त्या दुकानाच्या भावाने घ्यावा लागतो, आणि झाला की कोणाला देता येत नाही. नव्या गेमला चार-पाच हजार पडतात, म्हणजे वाचलेले दहा हजार दोन-तीन गेममध्येच जातात.

त्याने डिस्कचा घेतला. दिवाळीपर्यंत त्याने स्वतः एकच डिस्क विकत आणली आणि गेम पाच संपवले. बाकीच्या चार डिस्क साखळी, अस्नोडा आणि म्हापशाहून मित्रांच्या दप्तरांतून फिरत आल्या, आणि त्याची पहिली डिस्क अजून साखळीला आहे.