हार्मोनची गोळी कुणाला लागू पडते? सव्वाशे वर्षांचा शोध

स्तनाच्या कर्करोगाच्या बायॉप्सी रिपोर्टमध्ये ‘ईआर’ आणि ‘पीआर’ अशा दोन छोट्या नोंदी असतात: गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनांना धरून ठेवणारे रिसेप्टर आहेत की नाहीत, याच्या. पुढची पाच-दहा वर्षं हार्मोनविरोधी गोळी घ्यायची की नाही, हे मुख्यतः त्यांवरून ठरतं.

१८९५ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी ३३ वर्षांच्या एका स्त्रीचे दोन्ही अंडाशय काढले. तिचा कर्करोग स्तनावरच्या शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता, तरी काही महिन्यांत गाठी विरत गेल्या. अंडाशयांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन हाती लागायला तेव्हा तीन दशकांहून जास्त अवकाश होता. बीटसन यांनी हा अनुभव १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. मग इतर सर्जननीही तेच करून पाहिलं, तेव्हा फायदा झाला तो साधारण तिघींपैकी एकीला.

हे प्रमाण पुढची कित्येक दशकं हललं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी, अगदी मेंदूच्या तळाची पिट्युटरीसुद्धा काढली जाऊ लागली. निकाल तोच. पाळी थांबून किती वर्षं झाली, आजार हाडांत आहे की यकृतात, यांवरून डॉक्टर अंदाज बांधत. उरलेल्या दोघी एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसून रिकाम्या हातानं घरी जात. या इतिहासातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

कोडं सुटलं ते गाठीच्या आत पाहिल्यावर. शिकागोत संशोधक एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन उंदरांना टोचलं. स्नायूंतून ते निघून गेलं, गर्भाशयात मात्र टिकून राहिलं. म्हणजे तिथल्या पेशींत त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं: रिसेप्टर. तेच काही स्तनगाठींतही सापडलं आणि काहींत सापडलं नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे सगळ्या संशोधकांची आकडेवारी एकत्र आली. रिसेप्टर असलेल्यांत निम्म्याहून जास्त रुग्णांना हार्मोन उपचारांचा फायदा झाला होता. नसलेल्यांत दहातल्या एकीलाही नाही.

मग रिसेप्टर असूनही काहींना फायदा का नाही? १९७५ मध्ये कॅथरीन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅग्वायर या संशोधकांनी प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरकडे लक्ष वेधलं. तो इस्ट्रोजेनच्या हुकमानं तयार होतो. ईआर हे बटण मानलं, तर पीआर हा पेटलेला दिवा: तो दिसला की वायरिंग शाबूत आहे असं समजायचं.

इस्ट्रोजेनला रिसेप्टरवर बसू न देणारी टॅमॉक्सिफेन ही गोळी याच काळातली. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत रसायनशास्त्रज्ञ डोरा रिचर्डसन यांनी ते औषध १९६२ मध्ये बनवलं, तेही गर्भनिरोधक म्हणून, आणि त्या कामी ते फसलं. मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलनं १९७१ मध्ये कर्करोगावरचे पहिले निष्कर्ष छापले: ४६ जणींपैकी १० जणींना गुण. सुरुवातीला ते रिसेप्टर न पाहताही दिलं जाई. १९९८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा चित्र स्वच्छ झालं. ईआर पॉझिटिव्ह असेल तर पाच वर्षांच्या गोळीनं आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. निगेटिव्ह असेल तर नगण्य फरक.

तपासणीही बदलली. पूर्वी गोठवलेल्या गाठीचा तुकडा दळून मोजणी व्हायची. त्यात निरोगी पेशीही मिसळत. आता पातळ कापावर रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी झालेली केंद्रकं मोजतो. २०१० पासून १ टक्का पेशी रंगल्या तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. २०२० पासून १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात, कारण त्यांतल्या बऱ्याच गाठी निगेटिव्हसारख्याच वागतात.

आता ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), हर-टू (काही गाठींत जास्त असणारं, वाढीला चालना देणारं प्रथिन) आणि केआय-६७ सुद्धा पाहतात. केआय-६७ म्हणजे वाढत्या पेशींचं प्रमाण. गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांत ते घसरलं नाही, तर गाठ दाद देत नाही अशी शंका येते. २०१८ मध्ये २१ जनुकांच्या चाचणीवरून दिसलं, की ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेतल्या लसीका ग्रंथींत न पसरलेल्या आणि मधला स्कोअर असलेल्या बहुतेक जणींना हार्मोन उपचार पुरतात, केमोची गरज नसते. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र तिचा थोडा फायदा होतो.

शिवाय गाठ स्वभाव बदलते. पसरलेल्या आजारात अरोमाटेज इनहिबिटर (शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं रोखणारी औषधं) बराच काळ दिल्यावर काही गाठींत ईएसआर१ या ईआर घडवणाऱ्या जनुकात बदल होतो आणि रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो. अशा रुग्णांसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत एलासेस्ट्रंट या औषधाला मान्यता मिळाली. हा बदल रक्ताच्या नमुन्यातूनही शोधता येतो, प्रत्येक वेळी गाठीत सुई खुपसावी लागत नाही.