खासदारांमार्फत संसदेत याचिका कशी द्यावी: नमुना, सह्या, भाषा आणि याचिका परत येण्याची कारणं

"खासदारसाहेबांना निवेदन दिलंय, आता विषय संसदेत जाईल," या भरवशावर कितीतरी संघटना आणि ग्रामस्थ वर्ष वर्ष वाट बघत बसतात. प्रत्यक्षात त्या निवेदनावर खासदारांच्या लेटरहेडचं एक पत्र लागतं, त्यावर "योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित" एवढं लिहिलेलं असतं आणि कागद संबंधित केंद्रीय मंत्र्यांकडे जातो. याचा उपयोग होत नाही असं नाही, बरेचदा होतो. पण सभागृहाशी त्याचा काही संबंध नसतो. तुमचं म्हणणं सभागृहाच्या कामकाजात नोंदवलं जावं, सभागृहाच्या याचिका समितीनं ते तपासावं आणि मंत्रालयाला त्यावर उत्तर द्यावं लागावं, अशी इच्छा असेल तर त्यासाठी याचिकेची वेगळी सोय आहे. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांत १६० क्रमांकापासून पुढे ती दिलेली आहे आणि राज्यसभेच्या नियमांतही तशीच तरतूद आहे. फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, वकील नाही. एका माणसाच्या सहीनंही याचिका होते.

तरीही बहुतेक याचिका दारातूनच परत येतात. कारणं ठरलेली आहेत आणि सगळी टाळता येण्यासारखी आहेत.

विषय बसतो का, हे आधी बघा

याचिका तीन प्रकारच्या विषयांवर देता येते: संसदेत मांडलेलं किंवा राजपत्रात प्रसिद्ध झालेलं विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेलं कामकाज, आणि सार्वजनिक हिताचा कोणताही विषय. आपल्याकडच्या बहुतेक याचिका तिसऱ्या प्रकारातल्या असतात आणि तिथेच अडकतात, कारण त्या प्रकाराला अटी आहेत.

पहिली अट म्हणजे विषय कोर्टात, न्यायाधिकरणात, चौकशी आयोगापुढे किंवा अर्धन्यायिक संस्थेपुढे जाणारा नसावा. तुमच्या गावच्या भूसंपादनाच्या मोबदल्याचा दावा कोर्टात चालू असेल तर त्याच मोबदल्यावर याचिका चालणार नाही. दावा तुम्ही स्वतः केलेला असो की शेजाऱ्यानं, फरक पडत नाही.

दुसरी अट म्हणजे जो विषय सहसा राज्याच्या विधिमंडळात मांडायचा, तो दिल्लीला न्यायचा नाही. एसटीची फेरी, जिल्हा परिषदेची शाळा, सातबाऱ्यावरची नोंद, राज्य मार्गावरचे खड्डे हे सगळं राज्याचं. त्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे, आमदारांमार्फत तिकडे जा. रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग, भविष्य निर्वाह निधी, सरकारी बँका, दूरसंचार हे केंद्राचे विषय, ते याचिकेत घेता येतात. काही विषय दोन्हीकडे पाय ठेवून असतात. पीक विम्याचंच घ्या: "आमच्या मंडळातले पंचनामे चुकीचे झाले" ही राज्याच्या यंत्रणेविरुद्धची तक्रार झाली, तर "योजनेतला नुकसान मोजण्याचा निकष बदलावा" ही केंद्राच्या धोरणाबद्दलची मागणी. शेतकऱ्याचं दुःख एकच असतं, पण पहिली मांडणी फेटाळली जाते आणि दुसरी तपासली जाते.

तिसरी अट सगळ्यांत जास्त लोकांना नडते: कायद्यानं, नियमानं किंवा उपविधीनं ज्यावर दाद मागण्याची सोय आधीच आहे, तो विषय याचिकेत चालत नाही. एकट्या माणसाचा पीएफचा अडकलेला दावा, पासपोर्टचा उशीर, बँकेनं कापलेले पैसे या प्रत्येकासाठी तक्रारीची यंत्रणा ठरलेली आहे. हेच गाऱ्हाणं हजारो लोकांचं असेल आणि मूळ नियमच चुकीचा असेल, तर मागणी "मला पैसे द्या" अशी न लिहिता "नियम असा बदला" अशी लिहावी लागते.

मागणीचं वाक्य

लोकसभेच्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात याचिकेचा नमुना आहे आणि तो एका पानात मावतो. वर "लोकसभेस" असा मायना. पंतप्रधान, मंत्री, जिल्हाधिकारी यांपैकी कोणाचंही नाव वर घालू नका, याचिका सभागृहाला उद्देशूनच असावी लागते. मग याचिकाकर्त्यांचा थोडक्यात उल्लेख: "अमुक आणि इतर", "अमुक गावचे रहिवासी" किंवा "अमुक नगरपालिका". मग प्रकरणाची हकीकत. आणि शेवटी मागणी, म्हणजे याचिकाकर्त्याला नेमकं काय हवं ते.

लोक चार पानं हकीकत लिहितात आणि शेवटी "तरी गोरगरिबांना न्याय मिळावा ही नम्र विनंती" म्हणून सही करतात. यावर समितीनं मंत्रालयाला विचारायचं तरी काय? नियमाची अपेक्षा आहे की मागणीत निश्चित उद्दिष्ट असावं. "कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खालील किमान पेन्शन दरमहा १००० रुपयांवरून वाढवावी आणि ती महागाई निर्देशांकाशी जोडावी" ही मागणी झाली. तीत योजनेचं नाव आहे, आजचा आकडा आहे आणि बदल काय हवा तेही आहे. मंत्रालयाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं आणि नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं. एका याचिकेत एकच विषय घ्या. रेल्वेचा थांबा, टॉवर आणि खतांचे भाव एकाच कागदावर आले की तिन्हींचं नुकसान होतं.

भाषा संयमाची हवी, हीसुद्धा नियमातलीच अट आहे. अधिकाऱ्यांना "भ्रष्ट", "निर्लज्ज" म्हटलं की आत कितीही दम असला तरी कागद बाहेर.

मराठीत लिहिलं तर

याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. दुसऱ्या भाषेत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावर याचिकाकर्त्याची सही लागते. गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५०व्या अनुच्छेदानं दिलेला आहे. असं असताना थेट सभागृहाकडे येणाऱ्या माणसावर भाषांतराचं ओझं टाकावं, हे पटत नाही. संसदेकडे भाषांतरकार आहेत, वाडीवस्तीवरच्या माणसाकडे नाहीत. पण नियम आज असा आहे, आणि या एका कागदावाचून याचिका अडू देऊ नका.

व्यवहारात दोन मार्ग आहेत. एक तर मूळ याचिकाच सोप्या हिंदीत लिहा. सही करणाऱ्या बहुतेकांना ती वाचून कळते, म्हणजे सही आंधळी राहत नाही. नाहीतर मराठी मूळ ठेवा, भाषांतर जोडा आणि दोन्हींवर सह्या घ्या. दुसऱ्या मार्गात भाषांतराची मागणी मूळ मागणीशी शब्दन् शब्द ताडून बघा. मोबाइलवर केलेल्या भाषांतरात "वाढवावी" याचं "विचार करावा" होतं आणि मग तपासणी त्या मवाळ वाक्याचीच होते. नावांची स्पेलिंगही दोन्हीकडे आधारकार्डाप्रमाणे ठेवा.

सह्यांचा कागद

प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पूर्ण पत्ता आणि सही लागते. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. तक्ता साधा आखा: अनुक्रमांक, संपूर्ण नाव, पत्ता, सही. पत्त्याच्या रकान्यात पहिल्या ओळीत "मु. पो., ता., जि." लिहून खाली पानभर "वरीलप्रमाणे" किंवा दोन टिंबं काढायची सवय आपल्याकडे पक्की आहे. ग्रामसभेच्या हजेरीला ते चालून जातं, इथे चालत नाही. पत्ता प्रत्येकाचा पूर्ण लिहा, पिनकोडसकट. अंगठ्याशेजारी त्या माणसाचं नाव लिहा, नुसतं "नि. डा. अं." पुरत नाही.

ज्या कागदावर याचिकेचा मजकूर आहे, त्याच कागदावर किमान एक सही असू द्या. पुढच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणीचं वाक्य पुन्हा छापा. कोऱ्या पानांवर सह्या गोळा करून नंतर मजकूर जोडलाय असा संशय आला की सगळा गठ्ठा वाया जातो, आणि सही करणाऱ्यांच्या दृष्टीनंही ते बरं नाही. ऑनलाइन मोहिमेतली नावं, मिस्ड कॉल, झेरॉक्स केलेल्या सह्या यांना सही म्हणत नाहीत. दहा हजार सह्यांचा हट्ट सोडा. पूर्ण पत्त्याच्या पंचवीस सह्या असल्या तरी याचिका तेवढीच वैध असते.

पुरावे जोडू नका

हे ऐकून लोक बिचकतात, पण याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा इतर कागद जोडायला नियमातच मनाई आहे. नोटरी करू नका, तिची गरज नाही. ग्रामसभेचा ठराव, माहिती अधिकारातलं उत्तर, वर्तमानपत्राची कात्रणं हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा आणि त्यातली महत्त्वाची माहिती याचिकेच्या मजकुरातच एका वाक्यात आणा: अमुक तारखेच्या उत्तरात विभागानं असं असं मान्य केलं आहे. समितीला तोंडी साक्षीसाठी तुम्हाला बोलावता येतं. ती वेळ आली तर ही फाइल उपयोगी पडते.

प्रतिस्वाक्षरी आणि तारखा

खासदार याचिका सादर करणार असतील तर त्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. सादर करण्याआधी त्यांनी लोकसभेच्या महासचिवांना तसं कळवायचं असतं आणि अध्यक्षांची संमती लागते. सभागृहात ते एवढंच सांगतात की अमुक लोकांच्या सहीची, अमुक विषयावरची याचिका मी सादर करतो. भाषण नाही, चर्चा नाही. त्यामुळे "साहेब बोललेच नाहीत" म्हणून रुसू नका, सादर झालेली याचिका आपोआप समितीकडे जाते.

खासदार तुमच्याच मतदारसंघाचे हवेत असं बंधन नाही. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य जातात, त्यांतल्या कोणाकडेही जाता येतं. गोव्यात लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक, तिथे पर्याय कमी. कोणीच तयार नसेल तर याचिका महासचिवांकडे थेटही पाठवता येते. मग ती आल्याचं महासचिव सभागृहाला कळवतात.

वेळेचं गणित मात्र बहुतेकांचं चुकतं. याचिका अधिवेशन चालू असतानाच सादर होते, आणि वर्षात अधिवेशनं साधारण तीनच: अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी. त्या काळात खासदार सोमवार ते शुक्रवार दिल्लीत असतात आणि मतदारसंघातल्या कार्यालयात शनिवार-रविवारी भेटतात. तेव्हा भेटायला आलेल्यांची रांग असते आणि त्यात तुमचा कागद कोणी वाचत नाही. अधिवेशनाच्या तीनचार आठवडे आधी, खासदार मतदारसंघात असताना जा. आधी स्वीय सहाय्यकांना मसुदा दाखवा, मग सह्या गोळा करा. उलट क्रमानं गेलात आणि मागणी बदलावी लागली तर सगळ्या सह्या पुन्हा. दिलेल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

विधेयकावरची याचिका असेल तर घाई आणखी करा. अलीकडे विधेयक मांडलं जातं आणि त्याच अधिवेशनात मंजूरही होतं. मंजूर झाल्यावर त्या याचिकेला अर्थ उरत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर रोजची कामकाज यादी येते, ती बघत राहा.

याचिका बसत नसेल तर

नमुन्यात न बसणारं साधं निवेदनही लोकसभेची याचिका समिती विचारात घेऊ शकते. पण निनावी, पत्ता नसलेलं किंवा न वाचता येणारं निवेदन बाजूला पडतं. दुसऱ्याच अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राची "माहितीसाठी प्रत" म्हणून पाठवलेला कागदही बाजूला पडतो. आपल्याकडे एका पत्राच्या खाली "प्रत रवाना" म्हणून राष्ट्रपतींपासून तहसीलदारांपर्यंत दहा नावं घालतात, त्या सगळ्या प्रती या कलमात अडकतात. प्रतीवर सभागृहाकडे दाद मागणारी स्वतंत्र विनंती लिहिलेली असेल तरच ती विचारात घेतली जाते.

पुढे काय होतं

लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीत १०. लोकसभेच्या समितीत मंत्री नसतात. समिती मंत्रालयाचं म्हणणं मागवते, गरज वाटली तर अधिकाऱ्यांना आणि याचिकाकर्त्यांना बोलावते आणि सभागृहाला अहवाल देते. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. राज्यसभेच्या समितीचं अध्यक्षपद भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे होतं, तेच पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्या काळात माजी सैनिकांच्या "समान पद, समान पेन्शन" मागणीवरच्या याचिकेचा अहवाल डिसेंबर २०११ मध्ये आला आणि सरकारची अधिसूचना निघाली नोव्हेंबर २०१५ मध्ये. त्याच समितीनं २०१३ मध्ये कर्मचारी पेन्शन योजनेवरच्या अहवालात किमान ३००० रुपये पेन्शन सुचवली. सप्टेंबर २०१४ पासून मिळाले १००० रुपये. तरी आजही पेन्शनधारक आपल्या मागण्यांत त्या अहवालाचा दाखला देतात, तो दाखला याचिकेमुळेच तयार झाला.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. लोकसभा विसर्जित झाली की समितीपुढे पडून असलेली याचिकाही बाद होते आणि नव्या लोकसभेत सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सार्वत्रिक निवडणुकीला वर्षभरच उरलं असेल तर राज्यसभेच्या सदस्याकडे जा. ते सभागृह विसर्जित होत नाही.