चिघळलेल्या जखमेतली वस्ती

मधुमेहाच्या रुग्णाची तळपायाची जखम. पट्टी सोडली की गॉझवर निळसर-हिरवा डाग आणि द्राक्षासारखा गोडसर वास. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची ही ओळख. हिरवटपणा त्याच्या पायोसायनिन या रंगद्रव्याचा. गोळ्यांचा कोर्स होतो, पू कमी होतो, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग औषधाला बोल लावला जातो. औषध खोटं नसतं, पण ते सुट्या जिवाणूंना मारतं आणि जखमेत तर त्यांनी घर थाटलेलं असतं.

सुरुवात साधी असते. उघड्या मांसावर जिवाणू टेकतो. तेव्हा तो धुऊन निघू शकतो. टिकला, की पोहायची शेपटी सोडतो आणि अंगातून चिकट लगदा सोडू लागतो. त्यात साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनएसुद्धा! मेलेल्या जिवाणूंचा, शिवाय लढताना फुटलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींचाही. आपलंच सामान त्यांच्या भिंतीत जातं म्हणायचं. प्रत्येक जण थोडं रसायन बाहेर टाकत असतो. गर्दी वाढली की ते दाट होतं आणि सगळे एकदम वागणूक बदलतात. स्यूडोमोनास मग पांढऱ्या पेशी फोडणारं द्रव्य बनवतो. चिकट लगद्यात थाटलेली ही वस्ती म्हणजेच बायोफिल्म.

तळाशी प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू जवळजवळ झोपलेले. पेनिसिलिन नवी पेशीभित्तिका बांधण्यात खोडा घालतं. जो बांधतच नाही त्याचं ते काय बिघडवणार? जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी 1944 साली असे चिवट जिवाणू टिपले होते. गंमत म्हणजे त्यांची पिल्लावळ पेनिसिलिनने पुन्हा मरत होती.

2008 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात 50 जुनाट जखमांपैकी 30 मध्ये बायोफिल्म सापडली. 16 ताज्या जखमांपैकी फक्त एकीत. स्वॅबमध्ये मात्र ती निसटू शकते: कापसाचा बोळा वरवर फिरतो आणि स्यूडोमोनास बरेचदा खोल बसलेला असतो. नुसत्या डोळ्यांनाही ती ओळखू येत नाही. जखमेवरचा पिवळा थर बहुतेक वेळा मेलेल्या पेशींचा नि फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचा) असतो.

म्हणून सर्जन आधी मेलेलं मांस खरवडून काढतात. वस्ती उखडली तरी उरलेले जिवाणू एक-दोन दिवसांत पुन्हा जम बसवू लागतात. तेवढ्या वेळात ते जागे असतात, वाढत असतात, आणि औषध लागू पडतं. खरवडणं पुन्हा पुन्हा करावं लागतं ते यासाठीच.