होस्टेलचा नियम आणि नशाबंदीचा कायदा: रेक्टरांची माफी कुठवर पुरते

रात्री साडेअकराला नाशिकहून फोन. मुलगा इथे बडोद्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील चिडलेले नव्हते, गोंधळून गेले होते. "वकीलसाहेब, रेक्टरांनी तर माफ केलंय. पोरानं पत्र लिहून दिलं, दंड भरला, मी स्वतः फोनवर हात जोडले. मिटलं होतं सगळं. मग आता पोलीस ठाण्यातून बोलावणं कशाला आलं?"

असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. कधी कोल्हापूरहून, कधी जळगावहून, कधी इथल्याच वाडी किंवा रावपुऱ्यातून. प्रश्न दर वेळी हाच असतो, आणि त्याच्या मुळाशी दोन गोष्टींची सरमिसळ असते. एक होस्टेलचा नियम. दुसरा गुजरातचा नशाबंदीचा कायदा. दोन्ही म्हणतात "पिऊ नका", म्हणून लोकांना ती एकच गोष्ट वाटते. एकातून सुटलो की दुसऱ्यातून आपोआप सुटलो, असं धरून चालतात. तसं नाही, आणि हे न कळल्यामुळे चांगल्या घरची साधी पोरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करताना मी बघतोय.

होस्टेलचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांनी सही केलेल्या छापील कागदावर तो असतो. दारू आणायची नाही, प्यायची नाही, पिऊन आवारात यायचं नाही. मोडला तर दंड, पालकांना बोलावणं, खोली जाणं, फारच झालं तर नाव काढून टाकणं. पुण्यात हेच, इंदूरला हेच, इथे हेच. दंड कुठे किती आणि रात्री रजिस्टरवर सही किती वाजता, हे फरक किरकोळ आहेत.

कायद्याचं मात्र तसं नाही. गंमत अशी की महाराष्ट्रातून येणाऱ्याला वाटतं, आपल्याला हाही कायदा माहीत आहे. एका अर्थी ते खरंही आहे. दोन्ही राज्यांचा कायदा मुळात एकच, जुन्या मुंबई राज्याचा 1949 चा. 1960 साली राज्यं वेगळी झाली आणि कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने 2011 मध्ये त्याच्या नावातलं "मुंबई" काढून "गुजरात" घातलं. इथले लोक त्याला नशाबंधी म्हणतात. महाराष्ट्रात त्याच कायद्याखाली परवाना देण्याची पद्धत रुळली. दुकानात पाच रुपयांत एक दिवसाचा परवाना मिळतो, देशीला दोन रुपयांत, आणि बहुतेकांनी तो कागद कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. त्यामुळे दारूबंदी कायदा म्हणजे एक पावती, अशी पुण्या-मुंबईच्या मुलाची समजूत असते. वर्धा-गडचिरोलीचा मुलगा असेल तर त्याला समजवावं लागत नाही, तो बंदी बघतच मोठा झालेला असतो.

इथे पिणं हाच गुन्हा आहे. गाडी चालवली नाही, आरडाओरडा केला नाही, खोलीचं दार लावून बसलो होतो, बाटली माझी नव्हती: यातलं काहीही त्या गुन्ह्यातून सोडवत नाही. कलम 66 मध्ये पिणं, जवळ बाळगणं आणि वाहून नेणं एकाच ओळीत बसवलेलं आहे. रस्त्यावर नशेत सापडलात तर त्याला कलम 85 वेगळं. "मी 21 पूर्ण केलंय साहेब" हे तर ऐकूनच माझं डोकं उठतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 हा हिशेब आहे. बडोद्यात विद्यार्थ्याला पिण्याचं वय नावाची गोष्टच नाही.

आता नाशिकच्या वडिलांचं म्हणणं घ्या. रेक्टरांनी माफ केलं, हे खरं. पण त्यांनी काय माफ केलं? होस्टेलचा नियम मोडल्याचं. तो नियम मुलगा आणि संस्था यांच्यातला आहे. संस्थेने केला, संस्थेने लावला, संस्थेला तो सैल करता येतो. गुन्हा मात्र मुलगा आणि राज्य सरकार यांच्यातला असतो. कोर्टात फिर्यादीच्या जागी कॉलेजचं नाव नसतं, सरकारचं असतं. म्हणून रेक्टर काय, प्राचार्य काय, कुलगुरूंनी ठरवलं तरी तो त्यांना माफ करता येत नाही. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे आपण कुणाला देऊन टाकू शकत नाही, तितकं हे सरळ आहे.

याची उलटी बाजूही लोक विसरतात. कोर्टातून मुलगा निर्दोष सुटला म्हणून होस्टेलची खोली परत मिळेलच असं नाही. कोर्टाला संशयापलीकडे पुरावा लागतो. कॉलेजच्या चौकशीला तेवढा लागत नाही. वॉचमनने पाहिलं, खोलीत ग्लास सापडले, तोंडाला वास येत होता, एवढ्यावर समिती निर्णय देऊ शकते. मुलाचं म्हणणं मात्र तिने ऐकून घ्यायला हवं. ते न ऐकता काढलं असेल तर भांडायला जागा आहे, आणि तिथे मी भांडतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते माफीच्या पत्राने. हे जरा सावकाश वाचा.

प्रकार असा घडतो. रात्री खोलीत चार मुलं सापडली. सकाळी ऑफिसात उभी केली. कोणीतरी वडिलकीच्या नात्याने सांगतं, "लिहून द्या, इथेच मिटवू." मुलं घाबरलेली असतात. वहीचं पान फाडून लिहितात: मी अमुक तारखेला खोली नंबर अमुकमध्ये मित्रांबरोबर दारू प्यायलो, बाटली अमुक मित्राने आणली, पुन्हा असं करणार नाही. खाली सही, तारीख, मोबाईल नंबर. मुलाच्या मनात ते माफीपत्र असतं. कायद्याच्या नजरेने वाचलं तर त्यात गुन्ह्याची कबुली आहे, जागा आहे, वेळ आहे, आणि एका मित्राचं नावही अडकवून टाकलेलं आहे.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पूर्वी ते पुराव्याच्या कायद्याच्या कलम 25 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. पण रेक्टर म्हणजे पोलीस नव्हे. त्यांना लिहून दिलेलं पत्र त्या संरक्षणात बसत नाही. ते पुराव्यात आणता येतं. दबावाखाली लिहून घेतलं, आमिष दाखवून लिहून घेतलं, असा वाद आम्ही वकील घालतो, कधी जिंकतोही, पण तो वाद पुढे दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात दोन-तीन वर्षांनी होतो. तोवर मुलाची पदवी झालेली असते.

खोटं लिहा असं मी कधीच सांगत नाही. घाईत लिहू नका, एवढंच सांगतो. घरी फोन करा, कुणा जाणत्याशी बोला. होस्टेलचे नियम पाळीन एवढी हमी देणं वेगळं आणि चौघांच्या वतीने गुन्ह्याचा तपशील लिहून देणं वेगळं. आणि रेक्टरांनाही माझी कळकळीची विनंती आहे: अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराकडून असा कागद लिहून घेताना तुम्ही त्याच्यावर उपकार करत नसता.

"लिमिटच्या आत होतो" हे दुसरं वाक्य, जे मला सहन होत नाही. गुजरातमध्ये पिण्याला लिमिट नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती देशभर आहे आणि फक्त चालवण्यापुरती आहे. नशाबंदीच्या कायद्यात 0.05 टक्के, म्हणजे 50 मिलिग्रॅमचा आकडा येतो, आणि पोरं ती परवानगी समजतात. तो आकडा एवढंच सांगतो की रक्तात तितकं किंवा त्याहून जास्त मद्य निघालं, तर पोटात गेलं ते औषध होतं, दारू नव्हती, हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. त्याच्या खाली निघालं तर सरकारने सगळं स्वतः सिद्ध करायचं. गुन्हा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी डॉक्टरांनी रक्त काढावं लागतं. 31 डिसेंबरच्या रात्री फतेगंजच्या नाक्यावर फुंकायला लावतात ते यंत्र म्हणजे पहिली पायरी.

परमिटचं थोडक्यात. तब्येतीच्या कारणावरून मिळणारं परमिट चाळिशीच्या पुढच्यांसाठी, आणि ते ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरतंच. काकांच्या परमिटवर पुतण्या पिऊ शकत नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचं परमिट असतं, ते थोड्या दिवसांसाठी. आणि समजा एखाद्याकडे कायदेशीर परमिट असलंच, तरी होस्टेलच्या खोलीत ते कामाचं नाही, कारण तिथे संस्थेचा नियम उभा असतो. डिसेंबर 2023 मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या व्यापारी वसाहतीला सूट मिळाली ती गिफ्ट सिटीत. बडोद्याला नाही.

दमणचं, म्हणजे गुजरातला लागून असलेल्या पण ही बंदी नसलेल्या केंद्रशासित भागाचं, मात्र थोडक्यात आटोपता येत नाही. चौघांनी पैसे काढायचे आणि एकाने दमणहून बॅगेतून बाटल्या आणायच्या, ही सुट्टीनंतरची ठरलेली गोष्ट. मुलांच्या हिशेबी चौघांचा गुन्हा सारखा. तसा तो नाही. जो पितो तो कलम 66 मध्ये. जो राज्याच्या हद्दीबाहेरून आणतो त्याच्यावर कलम 65 लागतं, तेच जे दारूचा धंदा करणाऱ्यावर लागतं, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत जाऊ शकतो. ज्या गाडीवरून आणलं ती मुद्देमालात जमा. एका मुलाच्या बापाने कर्ज काढून घेतलेली ॲक्टिव्हा ठाण्याच्या आवारात पावसात उभी राहिलेली मी पाहिली आहे, तिच्या सीटवर शेवाळ धरलं होतं. आणणारा नेहमी तोच असतो, ज्याला मित्रांमध्ये नाही म्हणता येत नाही. आणि सीनियरने धाक दाखवून आणायला किंवा प्यायला लावलं असेल तर ते रॅगिंग आहे. त्यासाठी यूजीसीचे 2009 चे नियम आहेत, 1800-180-5522 हा नंबर आहे. ते निमूट सोसू नका.

साध्या पिण्याच्या केसने काय होतं, असं विचारतात. इथे त्याला सगळे सहज "पीधेलाची केस", म्हणजे प्यायलेल्याची केस, म्हणून सोडून देतात. जामीन होतो, पोरगं घरी येतं, सगळे विसरतात. मग तीन वर्षांनी कॅनडाला जायचं ठरतं आणि पासपोर्टच्या फॉर्मवर प्रश्न येतो: तुमच्यावर कोर्टात फौजदारी केस चालू आहे का? चालू असेल तर कोर्टाची परवानगी आणावी लागते. रेक्टरांचं माफीचं पत्र तिथे कोणी मागत नाही.

आता ज्या कारणासाठी मी हे लिहायला बसलो, ते. या दोन गोष्टींच्या गोंधळात मुलं शुद्ध हरपलेल्या मित्राला दवाखान्यात नेत नाहीत. नेलं तर रेक्टरांना कळेल, रेक्टरांना कळलं तर पोलीस येतील, म्हणून खोलीतच लिंबू-पाणी पाजत बसतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणं म्हणजे त्याच्या फुप्फुसात ओतणं. काही जण इंटरनेटवर वाचून सांगतात की मदत करणाऱ्यावर केस होत नाही. अमेरिकेतल्या कित्येक कॉलेजांत तसा नियम आहे, मदत मागणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करायची नाही असा. आपल्याकडे 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेलं 134-अ हे कलम रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला वाचवतं, होस्टेलच्या खोलीतल्या मित्राला नाही. म्हणजे नेणाऱ्याला थोडा त्रास होऊ शकतो, हे मी लपवत नाही. तरीही न्या. केस मी लढवू शकतो.

इथे चोरून मिळणाऱ्या दारूत काय आहे हे पिणाऱ्यालाच काय, विकणाऱ्यालाही माहीत नसतं. जुलै 2022 मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत चाळीसहून अधिक माणसं गेली, दारूच्या नावाखाली मिथाइल अल्कोहोल प्यायल्याने. त्याचं विष लगेच दिसत नाही. रात्री माणूस नुसता झिंगल्यासारखा झोपतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, डोळ्यांपुढे धुकं आलंय. तोवर बराच वेळ गेलेला असतो. त्यामुळे "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन लावा, आणि डॉक्टर विचारतील ते खरं सांगा: काय प्यायला, किती वाजता, कुठून आणलं.

दोन वर्षांपूर्वी तीन मुलं त्यांच्या चौथ्या मित्राला पहाटे अडीचला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. धुळ्याचा मुलगा होता. सकाळी मला फोन आला म्हणून मी पोचलो. तिघंही बाकावर चपला काढून बसली होती, एकाच्या शर्टावर उलटीचे डाग. त्यातल्या एकाने भाजीच्या पिशवीत ती अर्धी उरलेली पोटली, म्हणजे दारूची प्लास्टिकची पिशवी, बरोबर आणली होती, डॉक्टरांना दाखवायला. केस चौघांवरही झाली. अजून चालू आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची. चौघंही येतात.