सव्वाशे डॉलरचा जवाब

जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं ज्यांनी चाळली आहेत, त्यांना पदाच्या डोक्यावर छापलेली ‘चाल’ ओळखीची असते. शब्द नवे, पण चाल अमुक लावणीची, तमुक पदाची, कधी एखाद्या कानडी गाण्याची. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ असली की त्याचं सगळं लक्ष नव्या शब्दांकडे जातं. अमेरिकेच्या दक्षिण भागात, कंट्री संगीतात, एक चाल अशीच हातोहात फिरत राहिली आणि चौथ्या फेरीला किटी वेल्स नावाच्या बाईंच्या गळ्यात आली. १९५२ सालच्या त्या तबकडीचं नाव ‘इट वॉजन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स’. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या कंट्री यादीत एकट्या गायिकेचं पहिल्या क्रमांकावर पोचलेलं हे पहिलं गाणं. त्याच्याआधी काय काय घडून गेलं होतं, ते नीट पाहायला हवं. त्याशिवाय या गाण्यावर बंदी का आली आणि ती बंदी टिकली का नाही, हे कळत नाही.

सुरुवात चालीपासूनच करू. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या कार्टर फॅमिलीने १९२९ मध्ये ‘आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज’ हे विरहगीत मुद्रित केलं. समुद्रापलीकडे गेलेल्या प्रियकराची आठवण, एवढाच त्याचा विषय. सात वर्षांनी, १९३६ मध्ये, रॉय ॲकफने जवळपास त्याच चालीवर ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ म्हटलं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात एका चित्रविचित्र पक्ष्याचा उल्लेख आहे, ज्याच्यावर इतर पक्षी तुटून पडतात. तो पक्षी म्हणजे शत्रूंनी वेढलेली ख्रिस्ती मंडळी, असा या भजनाचा अर्थ. प्रेमाची चाल देवळात गेली. मग १९५२ मध्ये टेक्सासच्या हँक थॉम्पसनने तीच चाल उचलून दारूच्या अड्ड्यात नेली. दक्षिणेतल्या कुठल्याही श्रोत्याला ही सुरावट लागली की आधी आजोळ आठवायचं, मग चर्च. अशा चालीवर अड्ड्यातल्या बाईची कहाणी ऐकताना मनात काय हलत असेल, याचा अंदाज करता येतो.

हा अड्डा म्हणजे हॉन्की टॉन्क. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली. पूर्व टेक्सासात त्याच सुमाराला तेलाच्या विहिरी लागल्या होत्या, हातात रोख पगार असलेले तरुण गावोगावी जमले होते. गावाच्या वेशीबाहेर, हमरस्त्यालगत, लाकडी फळ्यांची दारूघरं उभी राहिली. आत नाचायला मोकळी जमीन आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. मुंबई-पुण्यात इराण्याच्या हॉटेलात नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. गोंगाटावर मात करायला गिटारी विजेवर चालू लागल्या, आणि गाण्यांचे विषयही बदलले. डोंगर, आई, घर, देऊळ यांच्या जागी दारू, परस्त्री, फसवणूक, एकटेपणा आला. दुसऱ्या महायुद्धाने उरलंसुरलं विस्कटलं. पुरुष आघाडीवर गेले, बायका कारखान्यांत गेल्या, कुटुंबं शहरांकडे सरकली. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, अमेरिकेत घटस्फोटांची संख्या तोवरच्या सर्वांत वरच्या आकड्याला पोचली. हॉन्की टॉन्कमध्ये वाजणारी गाणी ही त्या मोडलेल्या घरांची गाणी होती. फक्त ती जवळजवळ सगळी नवऱ्याच्या बाजूने सांगितलेली होती.

थॉम्पसनचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ याच जातीचं. विल्यम वॉरन आणि आर्ली कार्टर यांनी ते लिहिलं होतं, आणि थॉम्पसनच्या आधी जिमी हीपच्या वाद्यवृंदाने ते मुद्रितही केलं होतं, पण गाजलं ते थॉम्पसनच्या आवाजात. गाण्यातला पुरुष दुखावलेला आहे. ज्या बाईवर त्याने जीव लावला, तिला घर नको, तिला अड्ड्यावरचा झगमगाट हवा. तो म्हणतो की देवाने अड्ड्यावरच्या अप्सरा घडवल्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं, तू संसाराला लायक नाहीस हे मला आधीच कळायला हवं होतं. म्हणजे दोष बाईचा, आणि तोही जन्मजात. देवानेच तशी घडवलेली. हे गाणं त्या वर्षी तब्बल १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. इतके आठवडे एकच आरोप प्रत्येक ज्यूकबॉक्समधून कानावर पडत असेल, तर त्याला उत्तर येणारच.

उत्तर देण्याची रीत कंट्री संगीतात जुनीच आहे. गाजलेल्या गाण्याला दुसऱ्या बाजूने गाणं रचून प्रत्युत्तर द्यायचं, शक्य तर त्याच चालीत. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकत आलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. प्रतिपक्षाने टाकलेला शब्दच उचलायचा, तो उलटा करायचा आणि त्याच्याच पदरात टाकायचा. इथे ते काम लुइझियानातल्या क्राउली गावच्या जे. डी. मिलरने केलं. मिलरचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता, स्वतःचं छोटं लेबल होतं. त्याने हे गाणं आधी ॲल माँटगोमेरी या स्थानिक गायिकेकडून गाऊन घेतलं, तेव्हा शीर्षक प्रश्नार्थक होतं: हॉन्की टॉन्कच्या अप्सरा देवाने घडवल्या का? तबकड्या काढणाऱ्या डेक्का कंपनीच्या पॉल कोहेनपर्यंत गाणं पोचलं तोवर प्रश्नाचं ठाम विधान झालं होतं. त्या देवाने घडवलेल्या नाहीत.

या विधानात गाण्याची सगळी ताकद आहे. सुरुवातीला बाई ज्यूकबॉक्सजवळ बसलेली आहे आणि थॉम्पसनचंच गाणं ऐकते आहे, त्याचं नाव घेऊन. म्हणजे सवाल समोर ठेवूनच जवाब सुरू होतो. तिला ते दिवस आठवतात जेव्हा तीही विश्वासाने संसार करणारी बायको होती. मग ती सांगते की लग्न झालेले पुरुष स्वतःला अविवाहित समजून हिंडतात, त्यापायीच कितीतरी चांगल्या मुली वाट चुकल्या. सगळा ठपका आम्हा बायकांवरच का, हा प्रश्न ती विचारते आणि जिथे जिथे बाईचं मन मोडलं तिथे तिथे कारण कुणीतरी पुरुष होता, असं म्हणून थांबते. ती त्रागा करत नाही, शाप देत नाही. थॉम्पसनने देवाच्या माथी मारलेला गुन्हा ती माणसांच्या जगात परत आणते. आणि हे सगळं ज्या चालीवर चालतं, ती चर्चमधली. देवाची बाजू तिने घेतली आहे, हे चालीनेच सांगितलं जातं. मला हा भाग या गाण्यातला सर्वांत देखणा वाटतो.

हे म्हणणाऱ्या बाई कोण, तर किटी वेल्स. मूळ नाव एलन म्यूरिएल डीसन. जन्म ३० ऑगस्ट १९१९, नॅशव्हिलचाच. मंदीच्या काळात शाळा सोडून शर्टांना इस्त्री करायच्या कामाला लागल्या. १९३७ मध्ये जॉनी राइटशी लग्न झालं. ‘जॉनी अँड जॅक’ या जोडीतला तो जॉनी. ‘किटी वेल्स’ हे नाव नवऱ्याने एका जुन्या लोकगीतातून उचलून दिलं. नवऱ्याच्या कार्यक्रमांत त्या मधूनमधून एखादं गाणं म्हणायच्या, बहुतेक भक्तिपर. श्रीव्हपोर्टच्या रेडिओ केंद्रावर ‘रॅग डॉल’ या नावाने तबकड्या लावायच्या आणि गोधड्या शिवायचं सामान विकायच्या. १९४९-५० च्या सुमारास आरसीए व्हिक्टरने त्यांच्या काही तबकड्या काढल्या, त्या चालल्या नाहीत. १९५२ मध्ये तिशी ओलांडलेल्या, तीन मुलांच्या आई असलेल्या किटी वेल्स गाणं थांबवून घरी बसायच्या विचारात होत्या.

३ मे १९५२ रोजी नॅशव्हिलच्या ट्युलेन हॉटेलात असलेल्या कॅसल स्टुडिओत त्यांनी हे गाणं मुद्रित केलं. मेहनताना युनियनच्या दराने, १२५ डॉलर. गाणं चालेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती, निदान बिदागी तरी मिळेल म्हणून त्या तयार झाल्या, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. मागे नवऱ्याच्याच मंडळींपैकी शॉट जॅक्सनची स्टील गिटार होती. किटी वेल्सच्या आवाजात नाटकीपणा अजिबात नाही. नाकातून किंचित येणारा, सरळ, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गाणाऱ्या बाईचा आवाज. शब्द कुठे ताणायचा नाही, कुठे हुंदका द्यायचा नाही. हे गाणं बंडखोर आवाजात म्हटलं असतं, तर ते अड्ड्यावरच्या बाईचं गाऱ्हाणं ठरून बाजूला पडलं असतं, असं माझं मत आहे. इथे ते शेजारच्या घरातल्या बाईचं म्हणणं वाटलं.

उन्हाळ्यात तबकडी बाजारात आली आणि दोन जागी दोन वेगळे निवाडे झाले. एनबीसी या राष्ट्रीय रेडिओ जाळ्याने गाणं आक्षेपार्ह ठरवून त्यावर बंदी घातली. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या शनिवारच्या कार्यक्रमातला अर्धा तास एनबीसीवरूनच देशभर जायचा, त्यामुळे तिथेही सुरुवातीला हे गाणं म्हणायला आडकाठी झाली. थॉम्पसनच्या गाण्यातली बाई संसार टाकून अड्ड्यावर जाते, त्याने कुणाच्या नीतीला धक्का बसला नव्हता. धक्का बसला तो नवऱ्यांच्या वागण्याचं नाव घेतल्यावर. श्रोत्यांनी मात्र रेडिओच्या परवानगीची वाट पाहिली नाही. तबकडी दुकानात मिळत होती आणि ज्यूकबॉक्सवर नेटवर्कचा हुकूम चालत नव्हता. पहिल्या खेपेतच आठ लाखांहून अधिक प्रती खपल्या, ऑगस्टमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सहा आठवडे तिथे राहिलं. पॉप गाण्यांच्या यादीतही ते २७ व्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच वर्षी किटी वेल्स ऑप्रीच्या मंचावर रुजू झाल्या.

‘पहिली’ या शब्दाबद्दल थोडं नेमकं बोलायला हवं. बिलबोर्डची ही यादी १९४४ मध्येच सुरू झाली. त्याआधी, १९३५ मध्ये, पॅट्सी मोंटानाचं काउबॉयची प्रेयसी व्हायचं स्वप्न सांगणारं गाणं अफाट लोकप्रिय झालं होतं. १९४९ मध्ये मार्गारेट व्हायटिंगही पहिल्या क्रमांकावर आली होती, पण जिमी वेकलीसोबतच्या युगलगीतात. तेव्हा बायका लोकप्रिय नव्हत्या असं नाही. कंपन्यांना मात्र खात्री होती की एकट्या बाईची तबकडी खपत नाही, कार्यक्रमात बाई ही मंडळाची शोभा. पहिल्या क्रमांकावरच्या त्या सहा आठवड्यांनी ती खात्री खोटी ठरवली.

गाणं लिहिणाऱ्या मिलरबद्दल मात्र एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. क्राउलीच्या त्याच स्टुडिओत त्याने स्लिम हार्पो, लाइटनिन स्लिम यांसारख्या कृष्णवर्णीय ब्लूज कलाकारांच्या उत्तम तबकड्या केल्या. आणि १९६० च्या दशकात, नागरी हक्कांची चळवळ भरात असताना, त्याच मिलरने ‘रेब रिबेल’ या लेबलखाली कृष्णवर्णीयांची निंदा करणारी वंशद्वेषी गाणी विकली. बाईची बाजू इतक्या न्यायाने मांडणारा हात तोच होता. ही गोष्ट मला अस्वस्थ करते आणि ती विसरावी असं वाटत नाही.

यशानंतर डेक्काने किटी वेल्सना जवाबी गाणी देण्याचा सपाटाच लावला. वेब पिअर्सच्या ‘बॅक स्ट्रीट अफेअर’ला त्यांनी १९५३ मध्ये दिलेलं उत्तरही पहिल्या दहांत गेलं. त्याच वर्षी डेक्काचीच गोल्डी हिल अशाच एका जवाबी गाण्याने पहिल्या क्रमांकावर पोचली. वेल्सबाईंचा स्वतःचा पोशाख, बोलणं, वागणं तसूभर बदललं नाही. साधा चौकड्यांचा झगा, शेजारी नवरा. १९५९ मध्ये डेक्काने त्यांच्याशी आजीवन करार केला, १९७६ मध्ये त्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेल्या. त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या लोरेटा लिनने १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवरचं ‘द पिल’ प्रसिद्ध केलं, तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. तेही पहिल्या पाचांत आलंच.

ती जुनी खात्री पुरती मेलेली नाही. २०१५ मध्ये कीथ हिल नावाच्या एका रेडिओ सल्लागाराने केंद्रांना जाहीर सल्ला दिला की गायिकांची गाणी बेतानेच लावा, लागोपाठ दोन तर नकोच. कंट्री रेडिओच्या कोशिंबिरीत पुरुष म्हणजे पालेभाजी आणि बायका म्हणजे टोमॅटोच्या फोडी, अशी उपमा त्याने दिली. गायिका खवळल्या, महिनोन्महिने चर्चा झाली. किटी वेल्स त्याच्या तीन वर्षं आधी, १६ जुलै २०१२ रोजी, ९२ व्या वर्षी गेल्या होत्या.

त्यांच्या हयातीतली एक तबकडी मात्र या वादाच्या वेळी मला सतत आठवत होती. १९९३ मध्ये डॉली पार्टन, लोरेटा लिन आणि टॅमी विनेट या तिघींनी एकत्र एक संग्रह केला. थॉम्पसनच्या गाण्यात दूषण म्हणून आलेलं नावच त्यांनी त्याला दिलं, ‘हॉन्की टॉन्क एंजल्स’. पहिलं गाणं १९५२ चंच आहे, आणि त्यात तिघींबरोबर चौथा आवाज किटी वेल्स यांचा आहे.