रुंदपानी पेपरबार्क

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील पाणथळ जागांत वाढणारा सदाहरित वृक्ष. जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ज्या मिर्टेसी कुळातली, त्याच कुळातला हा. शास्त्रीय नाव मेलाल्युका क्विंक्वेनर्व्हिया. पानावर देठाकडून टोकाकडे बहुधा पाच समांतर शिरा धावतात, म्हणून ‘पाच शिरांचा’ हे जातिनाम. मेलाल्युका हा शब्द ग्रीक भाषेतील ‘काळा’ आणि ‘पांढरा’ या दोन शब्दांचा जोड आहे. वणव्याने काळवंडलेला बुंधा आणि त्यावरची पांढरी साल पाहिली की हे नाव पटते. स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानियेस यांनी १७९७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले, तेव्हा ते दुसऱ्याच प्रजातीत घातले होते. आजचे नाव ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्रज्ञ एस. टी. ब्लेक यांनी १९५८ मध्ये दिले.

उत्तरेला क्वीन्सलँडच्या केप यॉर्कपासून दक्षिणेला सिडनीजवळच्या बॉटनी बेपर्यंतची किनारपट्टी, न्यू गिनीचा काही भाग आणि न्यू कॅलिडोनिया हे त्याचे मूळ घर. झाड साधारण ८ ते १५ मीटर उंच होते, जागा मानवली तर त्याहूनही उंच जाते. पाने चामड्यासारखी जाड, भाल्याच्या आकाराची. चुरगळली की निलगिरीच्या जवळ जाणारा उग्र वास येतो. फुले पांढरट, बाटली धुण्याच्या ब्रशासारखी. या ब्रशात दिसतात ते पुंकेसर. पाकळ्या अगदी लहान असतात. फुलोरा ओसरल्यावर त्याच्या टोकातून फांदी पुढे वाढते, त्यामुळे जुन्या फळांच्या बोंडांचे गुच्छ फांदीला मागे चिकटून राहतात. बोंडे जेमतेम चार मिलिमीटरची, पण लाकडासारखी टणक. बी कित्येक वर्षे आत बंद राहते आणि फांदी मेली, तुटली किंवा भाजली की बोंडे उघडून भुकटीसारखे गळते.

या झाडाची खरी ओळख साल. बुंध्यावर बोटाने दाबले तर लाकडाचा कठीणपणा हाताला लागतच नाही. जुन्या वहीच्या गठ्ठ्यावर बोट ठेवल्यासारखे ते आत दबते. कडेचा एखादा पापुद्रा नखाने उचलला की खालून दुसरा, तिसरा असे पदर सुटत जातात. वरचे पदर राखाडी आणि पावसाने विटलेले, आतले फिकट बदामी, त्याहून आतले गुलाबीसर आणि दमट. वणव्यात बाहेरचे पदर जळतात, पण आतले जिवंत लाकूड बऱ्याचदा वाचते आणि काही आठवड्यांत त्याच काळ्या खोडावर हिरवे फुटवे येतात. पाण्याचेही तसेच. पूर येऊन बुंधा महिनोन्‌महिने पाण्यात राहिला तर खोडातून पाण्याखालीच नवी मुळे फुटतात. मूळ मुळांना प्राणवायू कमी पडू लागतो तेव्हा ही वरची मुळे झाडाला तगवून धरतात. ओल सोसणारी झाडे जगात पुष्कळ आहेत. ओल आणि आग दोन्ही पचवणारी थोडीच.

ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाज या सालीचा उपयोग फार जुन्या काळापासून करत आले आहेत. झोपडीवर घालायला, अंथरायला, पाणी व वस्तू वाहून नेण्याची भांडी करायला आणि खड्ड्यात भाजायचे अन्न गुंडाळायला ती वापरली जाई. आपण केळीच्या किंवा हळदीच्या पानात पदार्थ शिजवतो तसेच हे, फक्त सालीचा मंद धुरकट वास पदार्थाला लागतो. फुले पाण्यात बुडवून गोड पेय करत, पाने चुरून त्यांचा वास सर्दी-पडशावर घेत. साल काढायची ती बाहेरच्या सुट्या पदरांपुरतीच. आतला जिवंत थर खोडाभोवती गोल सोलला गेला की झाड मरते.

लागवड : रोप बियांपासून करणे सोपे आहे. किमान वर्षभर जुनी, पूर्ण बंद बोंडे असलेली डहाळी कापून कागदी पिशवीत घालावी आणि पिशवी कोरड्या, उबदार जागी ठेवावी. काही दिवसांत बोंडे उघडून तळाशी तपकिरी भुकटी जमते. तेच बी. त्यात पोकळ बियांचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे थोडे जास्तच पेरावे. पेरणी वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला करावी. दक्षिण गोलार्धात हा काळ सप्टेंबरपासून सुरू होतो.

बी इतके बारीक की वरून झारीने पाणी घातले तर वाहून एका कोपऱ्यात जमते. म्हणून तिकडचे बागकाम करणारे कुंडी परातीत ठेवतात आणि परातीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी राखतात. रेतीमिश्रित माती ते पाणी खालून शोषून घेते आणि पृष्ठभाग सतत ओला राहतो. बी मातीत गाडायचे नाही. वर भुरभुरायचे आणि फार तर बारीक रेतीचा हलका थर द्यायचा. साधारण दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. इतर बहुतेक रोपे अशा साचलेल्या ओलीत कुजतील, पण या झाडाचा जन्मच दलदलीतला. रोपांना पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की एकेक रोप वेगळ्या कुंडीत हलवावे. अर्धवट पक्व फांदीच्या छाटाचीही मुळे धरतात. हव्या त्याच झाडाची प्रत हवी असेल तर तो मार्ग घ्यावा.

कायमची जागा निवडताना ऊन भरपूर हवे. मातीबद्दल झाडाची तक्रार नसते. चिकणमाती, रेती, आम्लयुक्त दलदल, थोडी खारट हवा, सगळे चालते. बागेत जिथे पावसानंतर पाणी साचून राहते आणि म्हणून काहीच तगत नाही, तो कोपरा याला द्यावा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आळे कोरडे पडू देऊ नये. आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे. मुळे खोल गेली की झाड मध्यम कोरडेपणाही सोसते. पण पाणी मिळाले तर त्याची वाढ आणि पानांचा रंग दोन्ही वेगळेच दिसतात. कोवळ्या रोपाला कडक दहिवर झेपत नाही. खत थोडेच, मंद गतीने विरघळणारे, वसंतात एकदा. छाटणी ते चांगली सोसते. अगदी जुन्या लाकडापर्यंत कापले तरी फुटवे येतात, म्हणून वाऱ्याला आडोसा करणाऱ्या उंच कुंपणासाठीही ते लावतात.

जागेच्या बाबतीत एक चूक वारंवार होते, आणि तिची किंमत झाडालाच मोजावी लागते. रोपवाटिकेतून आणलेले हातभर रोप घराच्या भिंतीलगत किंवा सांडपाण्याच्या नळावर लावले जाते. पाण्याच्या शोधात निघालेली मुळे जुन्या नळाच्या सांध्यातून आत शिरतात, नळ तुंबतो आणि मग ऐन भरातले झाड तोडावे लागते. पानांत तेल आहे आणि साल कागदासारखी पेटते, त्यामुळे वणव्याच्या प्रदेशात तर घरापासून अंतर राखणे अधिकच गरजेचे. लहान अंगण असेल तर याच प्रजातीतली एखादी ठेंगणी जात निवडावी. हे झाड मोठ्या जागेचे आहे.

रोग व किडी : २०१० साली न्यू साउथ वेल्समध्ये आढळलेला मिर्टल तांबेरा हा सर्वांत काळजीचा विषय. ऑस्ट्रोपुक्सिनिया सिडी या बुरशीमुळे कोवळ्या पानांवर व शेंड्यांवर पिवळीधमक भुकटी दिसते, मग ती पाने वेडीवाकडी होऊन वाळतात. ही बुरशी मूळची दक्षिण अमेरिकेतली आणि तिचे पहिले वर्णन एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधल्या पेरूवरून झाले. लागण झालेल्या झाडाला हात लावल्यावर कपडे व अवजारे धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाकडे जाऊ नये. नवी पालवी जितकी कोवळी तितका धोका जास्त, म्हणून दमट हवेत जोरदार छाटणी टाळावी.

करवतमाशीच्या अळ्या घोळक्याने पाने फस्त करतात आणि कोषावस्थेसाठी मऊ सालीत शिरतात. मोठे झाड त्यातून सावरते. लहान झाडावरच्या अळ्या हाताने वेचून काढाव्यात आणि त्या गुरांच्या तोंडी जाणार नाहीत हे पाहावे, कारण काही जातींच्या अळ्यांत विषारी द्रव्ये असतात.

परिसंस्था : बहराचा काळ प्रदेशानुसार बदलतो, पण न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात आणि आग्नेय क्वीन्सलँडमध्ये शरद ते हिवाळा या दुर्भिक्ष्याच्या दिवसांत ही फुले मिळतात. करड्या डोक्याची मोठी वटवाघळे, लॉरिकीट पोपट आणि मधमाश्या यांचा त्यावर मोठा आधार असतो. मध गडद, उग्र चवीचा आणि लवकर रवाळ होणारा. मधपाळ पोळी भरण्यासाठी या दिवसांत पेट्या किनाऱ्याकडे हलवतात.

सिडनीच्या सेंटेनियल पार्कमधील लॅक्लन दलदलीत पेपरबार्कची राई आहे आणि तिच्यात याच वटवाघळांची वसाहत आहे. या दलदलीचे पाणी १८२७ ते १८३७ या काळात कैद्यांकडून खोदून घेतलेल्या बोगद्यातून हाइड पार्कपर्यंत आणले गेले आणि वाढत्या सिडनीची तहान त्यावर भागली. शहराने ज्या झाडांच्या पायाशी पाणी प्यायले, त्याच प्रकारची बहुतेक वने पुढे ऊस, कुरणे आणि वस्त्यांसाठी निचरा करून संपवली गेली. उरलेली किनारी दलदल-वने आता संकटग्रस्त म्हणून कायद्याने नोंदलेली आहेत. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातील बांबर्ड्याची रानजायफळांची दलदल अशीच थोडकी उरली आहे. तिच्याबद्दल ज्यांना आस्था आहे त्यांना या वनांचे मोल वेगळे सांगायला नको.

परदेशी भूमीत मात्र याच झाडाने हाहाकार माजवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेतील फ्लोरिडात नेले गेले. एव्हरग्लेड्सची दलदल आटेल आणि लाकूडही मिळेल या आशेने १९३० च्या दशकात तिथे विमानातून बी फेकले गेले. तिथे ना करवतमाशी होती ना इतर शत्रू. मारायला म्हणून तोडले किंवा जाळले तरी बोंडे उघडत आणि लाखो बिया खाली पडत. १९९० च्या दशकापर्यंत सुमारे ५ लाख एकर क्षेत्र त्याने व्यापले. अखेर १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक भुंगा आणि २००२ मध्ये एक रस शोषणारा कीटक तिथे सोडण्यात आला. त्यांनी कोवळी पालवी खाऊन बहर व बी दोन्ही घटवले. म्हणून कोकण-गोव्याच्या खाजणांत वा नदीकाठच्या पाणथळीत हे झाड लावण्याचा विचारही करू नये. तिथे वाळुंज, करंज, समुद्रफळ ही आपली झाडे आहेत.

तेल : न्यू कॅलिडोनियात या झाडाला नियाउली म्हणतात आणि पानांपासून त्याच नावाचे तेल काढतात. औषधांच्या दुकानात मिळणारे टी ट्री तेल वेगळे. ते मेलाल्युका अल्टर्निफोलिया या लहान जातीचे. कायापुटीचे तेल तिसऱ्याच भावंडाचे, मेलाल्युका काजुपुटीचे. हा शब्द मलाय भाषेतील ‘कायू पुतिह’, म्हणजे पांढरे लाकूड, यावरून आला.

महाराष्ट्रातल्या बागांत लाल फुलांचा बाटलीब्रश सर्रास दिसतो. तोही मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि पेपरबार्कचा इतका जवळचा आप्त की काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला मेलाल्युका प्रजातीतच घालतात. त्याची एखादी फांदी हातात घेऊन मागच्या बाजूला बोट फिरवावे. गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्या वर्षीच्या फुलोऱ्यांची टणक बोंडे रांगेने लागतात, बी आत धरून बसलेली.