‘वयच झालंय’ असं आधी डॉक्टरच म्हणायचे

घरातलं सत्तरीपुढचं माणूस एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागलं की आपण म्हणतो वयच झालंय, चालायचंच. मग कुणीतरी शिकलेला भाचा सुट्टीला येतो आणि सुनावून जातो, की तुम्ही लोक दुर्लक्ष करताय, हा आजार असतो. भाच्याचं चुकत नाही, पण विसाव्या शतकात कितीतरी दशकं बहुतेक डॉक्टरांचं उत्तरही जवळजवळ हेच होतं, वयच झालंय. साधा विसराळूपणा कुठे संपतो आणि डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहारही जमेनासे होतात इतकी स्मृती आणि समज ढासळणं (अल्झायमर हा त्यातलाच एक आजार), कुठे सुरू होतो ही रेष फार जुनी नाहीये, आणि ती दोनतीनदा पुसून परत काढलेली आहे.

25 नोव्हेंबर 1901 ला जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाच्या बाईंना आणलं, वय फक्त 51. दुसऱ्या दिवशी डॉ. आलॉइस अल्झायमर त्यांच्याशी बोलायला बसले आणि सगळं लिहून ठेवलं. नाव काय? ऑगुस्टे. आडनाव? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? ऑगुस्टे, बहुतेक. जेवताना ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस, काय खाताय विचारलं तर म्हणाल्या पालक. नाव लिहायला सांगितलं तर ‘श्रीमती’ एवढं लिहून पुढचं विसरल्या. मधूनच म्हणायच्या, मी मला हरवून बसलेय. हे वाचलं की कळतं की इथे नाव आठवत नाही एवढाच प्रश्न नाही, समोर ताटात काय आहे तेही डोक्यापर्यंत पोचत नाहीये. ही फाइल पुढे कित्येक वर्षं गायबच होती, 1995 मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली.

बाई 1906 च्या एप्रिलमध्ये गेल्या, अल्झायमरनी मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, पेशींबाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत गुंता झालेले तंतू दिसले, आणि त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्युबिंगेनला डॉक्टरांच्या सभेत हे सांगितलं. चर्चा काही झाली नाही, सभा पुढच्या विषयाकडे वळली. 1910 मध्ये त्यांचे म्युनिकचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं, आणि माझ्या मते खरा घोळ इथेच झाला. कारण पुस्तकात हा आजार बसला तो तरुण वयात होणारा, दुर्मिळ असा. पुढे हिशोब असा ठरला की 65 च्या आत झालं तर अल्झायमर, त्यानंतर झालं तर म्हातारपण. प्राग शहरात ऑस्कर फिशर यांनी 1907 मध्येच म्हाताऱ्या पेशंटांच्या मेंदूत तसलेच ठिपके दाखवले होते, पण त्यांचं नाव मागेच पडलं. म्हाताऱ्यांसाठी एक तयार उत्तर होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, वयोमानाने होतंच.

मग 1962. हे वर्ष फारसं कुणाला माहीत नसतं पण आपल्या विषयात सगळ्यात महत्त्वाचं तेच. कॅनडात मॉन्ट्रियलला व्ही. ए. क्राल म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होते, मूळचे चेकोस्लोव्हाकियातले, दुसऱ्या महायुद्धात तेरेझिनच्या छळछावणीत कैदी असतानाही डॉक्टरकी केलेले. वृद्धाश्रमातली माणसं बघून त्यांच्या लक्षात आलं की विसरणं दोन जातीचं असतं. एका जातीत तपशील निसटतो पण प्रसंग राहतो, आज आठवलं नाही ते उद्या आठवतं, आणि त्या माणसाला आपण विसरलो हे कळत असतं, तो ओशाळतो नाहीतर आडवळणाने सांगतो. दुसऱ्या जातीत अख्खा प्रसंगच जातो, अलीकडचा तर आधी, आणि गेलाय याचा पत्ताच नसतो, उलट मधली जागा भरायला माणूस काहीतरी रचून सांगतो. पहिल्याला त्यांनी सौम्य म्हटलं, दुसऱ्याला घातक. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुतणीच्या लग्नाला गेलो होतो, जेवण छान होतं, पण व्याह्यांचं नाव काही केल्या आठवेना, ही पहिली जात. आणि लग्न होऊन पंधरा दिवस झाल्यावर आजोबा विचारतायत की तिचं लग्न कधी करताय, अल्बम दाखवला तर म्हणतात मला कुणी बोलावलंच नव्हतं, ही दुसरी. पुढच्या काळात दिसलं की क्राल यांचे ‘सौम्य’वाले सगळेच काही सौम्य राहत नाहीत, काही पुढे घसरतात, पण मुळात काय बघायचं ते त्यांनी बरोबर पकडलं होतं.

म्हातारपण म्हणजेच डिमेन्शिया हा समज मोडला इंग्लंडात न्यूकॅसलला, ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तीन डॉक्टरांनी. 1968 च्या त्यांच्या पेपरात म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतल्या ठिपक्यांची मोजणी होती आणि तीच माणसं जिवंत असताना किती भांबावलेली होती त्याच्याशी ती ताडून बघितली होती. दोन्ही बरोबर वाढत होतं. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे माणूस किती भांबावलाय हे कळायला त्यांनी पेशंटला प्रश्न घातलेच, पण घरच्यांनाही विचारलं: घरातली कामं जमतात का, थोडेफार पैसे सांभाळता येतात का, दुकानातून चार वस्तू आणायच्या लक्षात राहतात का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, घरातल्या घरात वाट सापडते का. आजही डॉक्टर सोबत आलेल्या सुनेला नाहीतर मुलीला बाजूला घेऊन हेच विचारतात, आणि बऱ्याचदा तीच माहिती निर्णायक ठरते. 1976 मध्ये अमेरिकेत मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी लिहिलं की तरुणांचा अल्झायमर आणि म्हाताऱ्यांचा डिमेन्शिया हे वेगळे धरायला आधार नाही, दोन्ही एकच, आणि मग दुर्मिळ आजार एका फटक्यात लाखो लोकांचा झाला.

चाचण्यांचं प्रकरण वेगळंच आहे. पेशंटची स्मृती आणि समज तपासायला डॉक्टर वापरतात ती 30 मार्कांची मिनी मेंटल परीक्षा 1975 ची, 100 मधून 7 वजा करत जा, ‘वर्ल्ड’चं स्पेलिंग उलटं सांगा, कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा. शाळेचं तोंडही न बघितलेल्या आजीला ही परीक्षा दिली तर ती नापासच होणार, मग डोकं कितीही शाबूत असो. म्हणून 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये भारत-अमेरिका संशोधकांनी हिच्यावरून हिंदी परीक्षा बेतली. आता सकाळ आहे का दुपार, आठवड्याचे वार उलटे म्हणा, आणि ‘डोळे मिटा’ असं वाचायला देण्याऐवजी माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. निरक्षर माणसाचाही खरा अंदाज लागायला लागला.

आणि गोवा. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मानसोपचारतज्ज्ञांचा 2001 चा अभ्यास आहे, त्यात तिथल्या लोकांना डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं वर्णन सांगितलं. लोकांनी लगेच ओळखलं, अशी माणसं आमच्याकडे आहेत म्हणाले, पण हा आजार आहे असं त्यांना वाटलं नाही, म्हातारपण म्हणाले, नाहीतर घरच्यांनी नीट बघितलं नाही, माया लावली नाही म्हणून असं झालं. म्हणजे दोष एकतर वयाचा नाहीतर सुनेचा! आधीच रात्रंदिवस त्यांचं करणाऱ्या बाईला वर हा बोल. पुढे तिथेच घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना मदत करायचा प्रयोग झाला, 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले.

साधा विसराळूपणा आणि डिमेन्शिया यांच्या मधला जो पट्टा, म्हणजे टेस्टमध्ये वयाच्या मानाने कमी पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करतायत, त्याला एमसीआय (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट) म्हणतात, ते नाव रूढ झालं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटरसन यांच्या 1999 च्या पेपरानंतर. यातले काही डिमेन्शियाकडे जातात, काही आहेत तिथेच राहतात, काही चक्क सुधारतात. शिवाय बी 12 कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, ऐकू न येणं यानेही माणूस विसराळू वाटतो, आणि यावर बराचसा इलाज आहे, म्हणून आधी या तपासण्या करतात. 2023 मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत 60 च्या वरच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के धरलंय, साधारण 88 लाख लोक. उरलेल्या बहुतेकांचा चष्मा हरवतो तो नुसता हरवतो.

आता आजार नेमका कशाला म्हणायचं हा वाद परत पेटलाय. अमेरिकेत 1986 पासून 678 नन्सचा अभ्यास चालू झाला होता, त्यातल्या एक सिस्टर 101 व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत टेस्टमध्ये चांगले मार्क, आणि मेंदू उघडला तर ठिपके आणि गुंते भरपूर. त्यांना पेशंट म्हणायचं का? 2024 चे अमेरिकन अल्झायमर असोसिएशनचे निकष म्हणतात मेंदूत हे बदल आहेत ना, मग आजार आहे, लक्षणं नंतर येवोत. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा दुसरा गट म्हणतो लक्षणंच नसतील तर फार तर धोका आहे म्हणा. मला दुसऱ्यांचं जास्त पटतं. मे 2025 मध्ये अमेरिकेने अल्झायमरसाठीच्या पहिल्या रक्ततपासणीला मान्यता दिली, तीही 55 च्या वरच्या आणि लक्षणं दिसत असलेल्यांसाठीच. पण आपल्याकडे अशा टेस्ट सर्रास व्हायला लागल्या की लक्षणं नसलेले लोकही हौसेने रक्त देणार, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर चष्मा कुठे ठेवला हे आठवेना झालं की दरवेळी घाबरत बसणार.